सीट कव्हरखालचं बक्कल

संध्याकाळी साडेसहानंतर ईऑन आयटी पार्कच्या बाहेर ज्या कॅब लागतात, त्या एकदा आतून बघा. बाहेरून सगळ्या सारख्याच, पांढऱ्या. आतून मात्र प्रत्येकीचा थाट वेगळा. कुणाचं कव्हर काळं-लाल, कुणाचं बदामी, कुणावर चौकटीची शिलाई, ड्रायव्हरच्या पाठीला मण्यांची गादी, पायाखाली सेव्हन-डी मॅट, डॅशबोर्डवर गणपती नाहीतर महाराज. मागच्या सीटवर तीन माणसं, तिघांच्या मांडीवर लॅपटॉपची बॅग. आणि तिघांपैकी एकाच्याही छातीवर बेल्ट नाही.

विचारलं की उत्तर ठरलेलं. "बेल्ट आहे ना. खेचला की येतो पण. अडकवायचा कुठे?"

खरं आहे त्यांचं. अडकवायचं ते बक्कल सीट कव्हरच्या खाली गाडलेलं असतं. नवी गाडी शोरूममधून निघते, दुसऱ्या दिवशी सीट कव्हरच्या दुकानात जाते, तिथं मागच्या सीटवर एकसंध कव्हर चढतं आणि कंपनीने दिलेली दोन-तीन बक्कलं आत जातात. ती गाडी विकेपर्यंत आतच राहतात. परवा एका कॅबमध्ये मी हात घालून चाचपून बघितलं. बक्कल लागलं हाताला, पण रेक्झिनच्या आतून. लहान मुलाच्या पोटावरून हात फिरवताना बरगडी लागते तसं.

ही पोस्ट त्या बक्कलाबद्दल आहे. पण ते तिथं का गाडलं गेलं हे समजून घ्यायचं तर गाडीच्या आतल्या बाजूचा इतिहास थोडा बघावा लागतो. आपण गाडीबद्दल बोलतो तेव्हा इंजिन, मायलेज, सीसी याबद्दल बोलतो. ज्या जागेवर आपण तासन् तास बसतो तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. आणि त्या इतिहासातला एक तुकडा तर आपल्या दारातून गेलाय.

१ जून १९४८. एसटीची पहिली बस पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. म्हणजे आपल्याच नगर रोडवरून, खराडीच्या शिवेवरून. तेव्हा खराडी म्हणजे नदीकाठचं शेतीचं गाव, महापालिकेत यायला अजून पन्नास वर्षं होती. सुरुवातीच्या त्या बेडफर्ड बसची बॉडी लाकडी होती आणि सीटमध्ये भरलेला होता काथ्या. नारळाचा. ज्याच्या दोऱ्या होतात, पायपुसणी होतात, तोच. लोक त्यावर बसून नगरला गेले आणि खूश होते, कारण त्याआधीच्या खासगी सर्व्हिस मोटारीत टपावर बसायची वेळ यायची. पुढे पन्नासच्या दशकात एसटीने पुणे–महाबळेश्वर मार्गावर दोन आरामगाड्या काढल्या, नीलकमल आणि गिरीआरोहिणी. त्यात दोन बाय दोन सीट, पडदे, आतून सजावट, हिरवट काचा आणि चक्क भिंतीवरचं घड्याळ होतं. सरकारी बसमध्ये घड्याळ! आत्ताच्या शिवशाहीत चार्जिंगचा पॉइंट चालू सापडला तरी आपण फोटो काढतो.

तर सीटमध्ये काय भरायचं आणि वरून काय चढवायचं, हा प्रश्न मोटारीपेक्षा जुना. घोडागाडी बांधणारे कारागीरच मोटारीच्या सीट बांधायला लागले. खाली लोखंडी स्प्रिंग, वर घोड्याच्या शेपटीचे-आयाळीचे केस, त्यावर कापड किंवा चामडं. आणि इथं एक गंमत आहे. आज लेदर सीट म्हणजे श्रीमंती. टॉप मॉडेल घेतलं तरच मिळते. पण शंभर वर्षांपूर्वीच्या ड्रायव्हर ठेवलेल्या मोठ्या गाड्यांमध्ये पुढचा भाग बऱ्याचदा उघडा असायचा आणि तिथल्या ड्रायव्हरच्या सीटला चामडं असायचं. कारण ते ऊन-पाऊस सोसतं, पुसलं की साफ होतं. मागे काचेच्या आत मालक बसायचा, त्याच्या सीटला मऊ लोकरीचं कापड. म्हणजे चामडं नोकराचं आणि कापड मालकाचं. बंद गाड्या आल्या, पाऊस आत यायचा थांबला, आणि मग हळूहळू चामडं मालकाकडे सरकलं. वस्तू तीच. कुठे बसलाय त्यावरून तिची किंमत.

चामडं सगळ्यांना परवडणारं नव्हतं. मग आलं रेक्झिन. हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो मराठीच वाटतो. तो मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कंपनीचा ब्रँड होता. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर द्यायचा, वर चामड्यासारखे छाप उठवायचे. नायट्रोसेल्युलोज म्हणजे जुन्या सिनेमाच्या रिळांचं द्रव्य, चटकन पेटणारं. ते मागे पडलं आणि पीव्हीसी आलं. पीव्हीसी मुळात कडक. शेतातला बोअरचा पाइप तोच. १९२६ मध्ये अमेरिकेत गुडरिच कंपनीच्या वाल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाने त्यात तेलकट द्रव्य मिसळून ते मऊ करायची युक्ती काढली आणि पाइपाच्या जातीच्या वस्तूची गादीवरची खोळ झाली. "डनलॉपची गादी" हाही असाच ब्रँडवरून आलेला शब्द. डनलॉपने १९२९ च्या सुमाराला रबराच्या चिकापासून फोम केला. नंतर पॉलियुरेथेनचा फोम आला, घोड्याचे केस आणि काथ्या दोन्ही सुटले. पण आपल्याकडे नाव राहिलं डनलॉपच.

रेक्झिनचं एक दुखणं आहे आणि ते आपल्या गोष्टीत महत्त्वाचं आहे. त्याला मऊ ठेवणारं ते तेलकट द्रव्य उन्हात हळूहळू उडतं. नव्या गाडीचा जो वास आपण छातीभरून घेतो त्यात त्याचाही वाटा असतो. काचेवर आतून जो चिकट धुरकट थर धरतो, त्यातही. ते उडालं की रेक्झिन कडक होतं, मग शिलाईच्या कडेने तडकतं. एप्रिल-मे महिन्यात उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर विचारूच नका. म्हणून मूळ सीटवर आणखी एक खोळ चढवायची. तडकली तर खोळ तडकेल, सीट वाचेल.

हे शहाणपण प्रीमियर पद्मिनीच्या काळातलं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये वालचंद हिराचंदांच्या कंपनीने फियाट बांधली, १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. गाडी बुक करायची आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, असा तो काळ. स्कूटरचं बुकिंग हुंड्यात लिहून दिलं जायचं म्हणतात, तिथं मोटारीची काय कथा. एवढ्या वाटेनंतर आलेली गाडी वीस वर्षं वापरायची आणि मग मेव्हण्याला विकायची. तिची सीट जपलीच पाहिजे. आपण फ्रिजच्या हँडलला कव्हर शिवलं, टीव्हीला शटर लावलं, रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, सोफ्यावर चादर टाकली ती पाहुणे आल्यावरच काढली. सीट कव्हर त्याच घराण्यातलं. याला कुणी कंजूषपणा म्हणतं. मी नाही म्हणत. ज्यांना दुसरी वस्तू मिळणार नव्हती त्यांनी पहिली जपली.

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तर यातून कलाच काढली. काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या छताला आतून फुलाफुलांचं, चांदण्यांचं, वाघाच्या पट्ट्यांचं रेक्झिन. दादरहून फोर्टला जाताना मान मागे टाकली की डोक्यावर बाग. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि टॅक्सीचं वीस वर्षांचं आयुष्य संपलं म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले. मीही टाकला होता. त्या पद्मिनीला पुढे एकसंध बाकडं असायचं, गिअर स्टीअरिंगला, आणि बाकड्यावर ड्रायव्हरशेजारी दोघं सहज बसायचे. बेल्टचा प्रश्न फार काळ आलाच नाही. आपल्याकडे कंपन्यांनी पुढच्या सीटला बेल्ट देणं सक्तीचं झालं ते १९९४ च्या सुमाराला.

(जाता जाता. कुर्ल्याची फियाट पुढे आपल्याच रस्त्यावर आली. रांजणगावच्या कारखान्यात. खराडीतून नगरच्या दिशेने निघालात तर वाघोली, शिक्रापूर, मग रांजणगाव. आज तिथं टाटाच्या गाड्याही बनतात. ज्या सीटबद्दल आपण बोलतोय त्यातल्या कित्येक इथून तासाभराच्या अंतरावर गाडीत बसवल्या जातात आणि उलट्या दिशेने येऊन आपल्याकडे त्यांच्यावर कव्हर चढतं.)

आता राजकारणाचा तुकडा, कारण माझ्या पोस्टमध्ये तो नसला तर तुम्हाला चुकल्यासारखं होईल. सरकारी अ‍ॅम्बेसेडरच्या मागच्या सीटवरचा पांढरा टॉवेल. इतक्या वर्षांच्या बातमीदारीत मी हुद्दे ओळखायला शिकलो ते पाटीवरून कमी आणि टॉवेलवरून जास्त. टर्किशचा पांढरा शुभ्र टॉवेल मागच्या सीटच्या पाठीवर असेल तर साहेब मोठे. ड्रायव्हरच्या सीटला टॉवेल असेल तर तो घामासाठी, त्याला मान नाही. शिवाय काचेला पडदे. अ‍ॅम्बेसेडर २०१४ ला बंद झाली, १ मे २०१७ पासून लाल दिवे गेले, काचांची काळी फिल्म तर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ लाच बंद केली. टॉवेल कुणी बंद केला नाही. तो इनोव्हात आला. आणि टॉवेलसोबत एक समजूतही आली, की मागे बसणारा माणूस हा नेला जाणारा माणूस आहे. बेल्ट लावायचा तो चालवणाऱ्याने.

या समजुतीने महाराष्ट्राचं किती नुकसान केलंय ते बघा. ३ जून २०१४. गोपीनाथ मुंडे केंद्रात मंत्री होऊन आठवडा झाला होता. सकाळी विमानतळाकडे निघाले, दिल्लीतल्या चौकात दुसऱ्या गाडीने त्यांच्या गाडीला बाजूने धडक दिली. ते मागच्या सीटवर होते, बेल्ट लावलेला नव्हता. गाडीची अवस्था बघितली तर माणूस जाईल असं वाटत नव्हतं. तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं, की मागचा बेल्ट शोभेचा असतो या गैरसमजाने मित्र गमावला. बीड-परळीची माणसं आपल्या चंदननगर, खराडी, वाघोलीत किती आहेत हे मी सांगायला नको. त्या दिवशी नगर रोडवरच्या दुकानांची शटर खाली होती. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी कठड्याला धडकली. मर्सिडीज होती. पुढचे दोघं वाचले, मागचे दोघं गेले. मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं.

दोन्ही वेळा आठ-दहा दिवस चर्चा झाली. मिस्त्रींच्या वेळी जरा जास्त झाली. केंद्राने मागच्या सीटलाही बेल्टचा अलार्म लावायचा मसुदा काढला. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा असं जाहीर केलं. बेल्ट न लावता अलार्म गप्प करणारी जी खोटी क्लिप ऑनलाइन मिळायची, तिच्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये कारवाई केली आणि पाच मोठ्या साइटवरून अशा १३,११८ जाहिराती उतरवल्या. क्लिपवर बंदी आली हे बरं झालं. पण कव्हरने बक्कलच गाडलं असेल तर क्लिपची गरजच काय? हा प्रश्न त्या सगळ्या चर्चेत मला कुठे दिसला नाही.

सीट ही आता फर्निचर राहिलेली नाही, हे आपल्या डोक्यात शिरलेलं नाही. पद्मिनीची सीट फर्निचर होती. स्प्रिंग, फोम, रेक्झिन. तिच्यावर काय वाटेल ते चढवा, काही बिघडत नव्हतं. पण तोवर जगात सीटचा धंदा बदलायला लागला होता. १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोहलिनने छाती आणि मांडी दोन्ही धरणारा तीन टोकांचा बेल्ट गाडीत बसवला आणि कंपनीने तो सगळ्यांना वापरायला मोकळा ठेवला. १९६५ मध्ये अमेरिकेत राल्फ नेडरने मोटार कंपन्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात दुसऱ्या धडकेचा मुद्दा होता. पहिली धडक गाडीची. दुसरी धडक गाडीच्या आत माणसाची, म्हणजे डॅशबोर्डवर, स्टीअरिंगवर, पुढच्या सीटवर. माणूस मरतो तो बहुतेक वेळा दुसरीत. त्यानंतर डॅशबोर्डला गादी आली, टोकदार बटणं आत गेली, सीटला डोकं टेकायचा उंचवटा आला. तो आरामासाठी नाही हं, मागून धडक बसली की मान मोडू नये म्हणून. आपले लोक तो काढून त्याची उशी करतात, पोरांना झोपायला.

साधा हिशोब सांगतो. गाडी ६० च्या वेगाने जाऊन अचानक थांबली आणि तुम्ही बांधलेले नसाल, तर तुम्ही ६० च्याच वेगाने पुढे जाता. तो मार म्हणजे चौदा मीटरवरून खाली पडण्याइतका. खराडीतल्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी गॅलरीतून बघावं, चौथ्या मजल्याच्याही वर येतं ते. आणि मागचा माणूस एकटा जात नाही. तो पुढच्या सीटवर, म्हणजे बेल्ट लावून शहाण्यासारख्या बसलेल्या ड्रायव्हरच्या पाठीवर जाऊन आदळतो.

सीटमध्ये आणखी एक वस्तू येऊन बसली आहे. १९९४ मध्ये व्होल्वोने पहिल्यांदा बाजूची एअरबॅग दिली. समोरून धडक बसली तर तुमच्या आणि समोरच्या गाडीच्या मध्ये इंजिनासकट बरंच लोखंड असतं. बाजूने बसली, मुंडेंच्या गाडीला बसली तशी, तर तुमच्या आणि समोरच्या गाडीच्या मध्ये एक दार असतं, बस. म्हणून ती एअरबॅग सीटच्या पाठीत, दाराकडच्या कडेला घडी करून ठेवतात आणि ती सेकंदाच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागात फुगावी लागते. ती बाहेर येते कुठून? सीटची शिवण फाडून. त्या जागेची शिवण कंपनी मुद्दाम कच्ची ठेवते. तुमच्या गाडीच्या पुढच्या सीटच्या कडेला "एअरबॅग" लिहिलेली बोटभर पट्टी दिसते का बघा. दिसली तर तिथं आत ती आहे. दिसत नसेल तर दोन शक्यता. गाडीत नाही, किंवा पट्टी कव्हरखाली गेली आहे.

आता त्या कच्च्या शिवणीवर आपण जाड आर्ट लेदरचं, डबल शिलाईचं, "बकेट फिट" कव्हर चढवतो. घट्ट. सुरकुती दिसली तर पैसे कापतो. एअरबॅगने कुठून यावं?

हे दुकानदारांना माहीत नसतं असं नाही. बायपासच्या बाजूला एक कुशनवाले चाचा आहेत, चाळीसेक वर्षं हेच काम. मी जाऊन बसलो होतो त्यांच्याकडे. एका नव्या गाडीची मागची सीट बाहेर काढून ठेवली होती, पोरगा दाताने दोरी ओढत खोळ ताणत होता.

म्हटलं, "चाचा, बक्कलसाठी भोक नाही ठेवत?"

"ठेवतो ना भाऊ. कस्टमरने सांगितलं तर ठेवतो."

"आणि नाही सांगितलं तर?"

"कॅबवाले उलटं सांगतात. आत घाला म्हणतात. पॅसेंजर बसला की त्याला टोचतं, तो स्टार कापतो. फॅमिलीवाले म्हणतात, पोरं त्याच्याशी खेळतात, मधेच वर येतं, दिसायला खराब दिसतं."

साइड एअरबॅगचं विचारलं. त्यांनी उठून दोन खोळी आणून दाखवल्या. एकीला दाराच्या बाजूला उभी फट होती, दुसरी सलग. फटीची महाग. "लोक फट बघून म्हणतात, चाचा, शिलाई सुटलीये." आणि हसले. मग म्हणाले, पूर्वी गाडी यायची ती सीट फाटली म्हणून. आता नवीकोरी येते, सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिकही निघालेलं नसतं. त्याच्यावरच चढवा म्हणणारेही आहेत.

या माणसावर माझा राग नाही. गिऱ्हाईक मागतं ते तो शिवतो. कॅबवाल्यावरही फारसा नाही. हप्त्याची गाडी, पावसात भिजलेला पॅसेंजर, सांडलेली बिर्याणी, एखादा थुंकणारा. रात्री तीनच्या ट्रिपनंतर सीट कोण धुणार? पुसली की साफ होईल अशी सीट त्याला हवी आहे. शंभर वर्षांपूर्वी ड्रायव्हरच्या सीटला चामडं होतं ते याच कारणाने. ती गरज खरी आहे. फक्त कव्हरला तीन चिरा पाडून ती गरज भागते, एवढंच मी म्हणतोय.

राग आहे तो तपासणाऱ्यांवर. खराडीतल्या कंपन्या रात्रपाळीच्या कॅबला नियमांची मोठी यादी लावतात आणि लावलीच पाहिजे. पुण्यात २००७ मध्ये जे झालं त्यानंतर ती यादी झाली. जीपीएस, ड्रायव्हरची पोलीस पडताळणी, शेवटी उतरणारी मुलगी असेल तर सोबत गार्ड, पॅनिक बटण. गेटवर सिक्युरिटीवाला गाडीखाली आरसा फिरवून बघतो. मागच्या सीटवर हात फिरवून बक्कल आहे का, हे बघायला त्याला पाच सेकंद लागतील. यादीत तो रकाना नाही. एका कंपनीच्या वाहतूक बघणाऱ्या अधिकाऱ्याला मी हे विचारलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. ते म्हणाले, "बेल्ट सगळ्या गाड्यांना आहे, व्हेंडरने लिहून दिलंय." कागदावर आहे. खरंच आहे. बक्कलही आहे, कव्हरखाली.

दुसरे आरटीओ. कॅब हे व्यावसायिक वाहन, तिला योग्यता प्रमाणपत्र लागतं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी. तिथं दिवे बघतात, ब्रेक बघतात, रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवली आहे का ते तर फार बारकाईने बघतात. मागचा बेल्ट लावून बघा म्हणणारा मला अजून भेटायचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८ वा नियम सरळ सांगतो, की ज्या गाडीत बेल्ट दिलेले आहेत तिथं पुढे तोंड करून असलेल्या मागच्या सीटवरच्यांनीही ते गाडी चालू असताना लावले पाहिजेत. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याचं कलम १९४ ब म्हणतं, की बेल्ट न लावलेले प्रवासी नेणाऱ्यालाही एक हजाराचा दंड. म्हणजे तुम्ही मागे बेल्ट लावला नाहीत तर पावती ड्रायव्हरच्या नावावर फाटते. ही गोष्ट मी ज्या ज्या कॅबवाल्याला सांगितली त्या प्रत्येकाने मान मागे वळवून बघितलं. गाडी चालू असताना, ते एक सोडा.

गंमत म्हणजे गाडीच्या आतलं सामान कसं असावं याचे नियम ज्या गावात तपासले जातात ते गाव पुणेच आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आपल्या कोथरूडच्या टेकडीवर. गाडीच्या सुरक्षेच्या चाचण्या तिथं होतात. सीटचं कापड, छताचं अस्तर, पायाखालचं कारपेट, या सगळ्याला पेट घेण्याची परीक्षा असते. नमुना आडवा धरून एका टोकाला जाळ लावायचा आणि ज्योत मिनिटाला किती सरकते ते मोजायचं. अमेरिकेत ही मर्यादा १९७२ पासून मिनिटाला चार इंच. म्हणजे कंपनीने दिलेलं कापड परीक्षा देऊन आलेलं असतं. आपण त्यावर जे चढवतो त्याने कुठली परीक्षा दिली, हे दुकानाच्या बिलावर लिहिलेलं नसतं. बऱ्याचदा बिलच नसतं. आणि मॅटलाही हलकं समजू नका. २००९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी सूचना काढली, कारण पायाखालचं मॅट सरकून अ‍ॅक्सिलरेटर त्यात अडकत होता. मॅट!

परिवहन विभाग आणि वाहतूक पोलिसांकडे माझी मागणी अगदी लहान आहे. नवीन कायदा नको, पथक नको. योग्यता तपासणीत एक ओळ वाढवा: मागच्या सीटची सगळी बक्कलं वर दिसतात आणि लागतात. कंपन्यांच्या ट्रान्स्पोर्ट विभागांनीही व्हेंडरच्या कागदावर न जाता गेटवर हात घालून बघावं. खराडी, विमाननगर, मगरपट्टा, हिंजवडी इतक्या ठिकाणी जरी हे झालं तरी पुण्यातली कॅबमधली बरीचशी बक्कलं महिन्याभरात बाहेर येतील. हे निवेदन मी लेखी देणार आहे. सोबत सह्या हव्यात. ज्यांना द्यायची असेल त्यांनी इनबॉक्समध्ये नाव आणि परिसर कळवा. कॅब चालवणाऱ्या भावांच्या सह्या आधी घेईन, दंड त्यांना बसतो म्हणून.

आणि ज्यांच्या स्वतःच्या गाडीवर कव्हर आहे त्यांच्यासाठी, चाचांनी सांगितलेलं जसंच्या तसं देतो. कव्हर काढायची गरज नाही. मागची बैठक पुढून उचलली की सुटते, बक्कलं खालून वर ढकलून खडूने खुणा करायच्या, तेवढ्याच जागी उभी चीर द्यायची आणि चिरेच्या कडेला पायपिंग मारायची, म्हणजे ती पुढे फाटत नाही. पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅगची पट्टी असेल तर त्या बाजूची शिवण पूर्ण उसवून कव्हर तिथं मोकळं ठेवायचं, परत शिवायचं नाही, मग ते कितीही वाईट दिसो. तीन बक्कलांचं काम अर्ध्या तासाचं. पैसे किती म्हणून विचारलं तर म्हणाले, "कव्हर माझ्याकडचं असेल तर काही नाही. दुसरीकडचं असेल तर चहाचे द्या."